माझ्या फोटोमागची दुसरी बाई

पुण्याजवळच्या जांबे गावात आम्ही राहायला आलो ते नवऱ्याच्या रात्रपाळीमुळे. हिंजवडीतल्या एका कंपनीत त्याला नोकरी लागली होती. लातूरहून आणलेला संसार दोन खोल्यांत मांडला आणि मी आवाज न करता वावरायला शिकले. तो सकाळी सातला येऊन झोपायचा. मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. बिनआवाजाचं एकच काम उरत होतं, कॉम्प्युटरवर बसणं.

आमच्या घरमालकीण काकू तिथल्याच जुन्या शेतकरी घरातल्या. गोठा पाडून त्यांनी सहा खोल्या बांधल्या होत्या, पण कुणालाही द्यायला तयार नव्हत्या. एकदा मला म्हणाल्या, "पोरं नगंत मला. नोकरीवाल्या पोरी बघ कुटं मिळत असल्या तर. तुज्या त्या डब्यात मिळत्यात का?"

त्यांचा डबा म्हणजे माझा कॉम्प्युटर. मला तोवर असं काही सुचलंच नव्हतं.

तेव्हा सगळ्या तरुण मुलामुलींचा राबता एकाच साइटवर असायचा. एकमेकांच्या पानावर चार ओळी लिहायच्या, आवडीनिवडीचे गट काढायचे. मीही गट काढला, हिंजवडीजवळ मुलींसाठी खोल्या. जे आहे तेच लिहिलं. पाणी सकाळी दोन तास येतं, गुरुवारी दिवसभर वीज नसते, खिडकीतून म्हशीचा वास येतो, डबा माझ्या हातचा मिळेल. नवऱ्याने काढलेला एक फोटो लावला. काकू उंबऱ्यात उभ्या, त्यांच्या खांद्याशी मी, हसतेय. खाली माझा नंबर दिला आणि लिहिलं, "घाबरू नका. माझे मिस्टर रात्रपाळीला असतात, त्यामुळे रात्री घरात आम्ही बायकाच असतो. तुम्हाला चौकात घ्यायलाही आम्हीच येऊ."

त्या ओळी मला आजही पाठ आहेत.

त्या फोटोने काम केलं. अकोल्याच्या, परभणीच्या मुली सायबर कॅफेत बसून आईला तो दाखवायच्या आणि आया मला फोन करायच्या. वर्षभरात काकूंच्या खोल्या भरल्या, मग त्यांच्या जावेच्या, मग पलीकडच्या आळीतल्या. माझे डबे वाढले. माहेरी आई सांगायची, पोरगी धंदा करते, तोही घरात बसून. मला ते ऐकायला फार आवडायचं.

मग दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात गट गप्प व्हायला लागला. आधी वाटलं, परीक्षांचे दिवस आहेत. पण जून उलटला, नोकऱ्यांवर रुजू व्हायचा हंगाम आला, तरी कुणी काही विचारेना. आमच्याकडेच राहणाऱ्या एका मुलीला मी विचारलं, तर ती हसली.

"ताई, तिकडे आता कोण असतं? सगळे नव्या साइटवर गेले. जुन्यावर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा उरल्यात."

ती सहज बोलून गेली. रोज दुपारी मी गट उघडायचे आणि नवीन काही नाही हे बघून बंद करायचे, पुन्हा तासाने उघडायचे. भरलेला बाजार लोकांनी उठून दुसऱ्या मैदानात नेला होता आणि मी जुन्याच जागी पथारी मांडून बसले होते. हिंजवडीतल्या एका हॉलमध्ये छोट्या उद्योजकांसाठी फुकट शिबिर होतं, तिथेही गेले. शिकवणारा माणूस म्हणाला, "गर्दी जिथे, दुकान तिथे. उशीर कराल तर तुमची जागा दुसरा घेईल." सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मीही लिहून घेतलं.

तरी उशीर झालाच. आईचं ऑपरेशन निघालं, गटावर तसं कळवून मी दीड महिना लातूरला होते. परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात साताऱ्याहून एका बाईचा फोन आला. मुलीसाठी खोली हवी होती. बोलता बोलता म्हणाल्या, "काल रात्री तुम्ही मुलीशी किती गोड बोललात हो चॅटवर. तिनंच तुमचा हा जुना नंबर शोधून दिला. नवा लागत नाहीये."

"मी काल कुणाशीच बोलले नाही," मी म्हणाले.

 त्यांनी फोन ठेवला.

त्याच दुपारी मी नव्या साइटवर खातं काढलं आणि माझं नाव शोधलं. मी तिथे होते. तोच फोटो, पण काकूंना कापून टाकलेलं. माझ्या खांद्यावर त्यांच्या हाताची बोटं तेवढी राहिली होती. मजकूर माझाच, शब्दाला शब्द. पाणी, गुरुवारची वीज, माझ्या हातचा डबा. पत्ता मात्र जवळच्याच नांदे गावाचा, नवी इमारत. मोबाइल नंबर मला माहीत नसलेला. खाली कितीतरी मुलींचे प्रश्न होते आणि प्रत्येकीला उत्तर दिलेलं होतं, "ये गं, मी आहे ना."

मग काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिलाच लिहिलं, "नमस्कार." मिनिटभरात उत्तर आलं.

"बोल ना ताई. खोली हवी का?"

माझा चेहरा मलाच ताई म्हणत होता. मी लिहिलं, "तुम्ही कोण आहात? हा फोटो माझा आहे." उत्तर आलं नाही. पुन्हा ते पान उघडायला गेले तर पानच नव्हतं. नाव शोधलं, सापडेना. मला वाटलं, घाबरून काढून टाकलं. मी निर्धास्त भाजी चिरायला बसले.

संध्याकाळी नवरा उठल्यावर त्याला सगळं सांगितलं. त्याने त्याच्या खात्यावरून बघितलं आणि म्हणाला, "अगं, आहे की. तिने फक्त तुला अडवलंय. तुला दिसणार नाही, बाकी सगळ्यांना दिसतंय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. साइटकडे तक्रार करायची सोय होती, ती आम्ही केली. पण त्या इमारतीत जाऊन बघावं हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला सुचलं होतं. धीर झाला नाही.

चार दिवसांनी, दुपारी तीनच्या सुमारास माझा मोबाइल वाजला. अनोळखी मुलीचा आवाज, वऱ्हाडी.

"ताई, मी आली बरं. हिंजवडीच्या चौकात उतरली. तुमच्या नव्या नंबरवर कोणी उचलत नव्हतं म्हणून जुन्या ग्रुपवरचा हा नंबर लावला."

मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "काळजी करू नका, तुमचे मिस्टर आलेत न्यायला. गाडीतच बसली आहे मी."

माझा नवरा समोर, आतल्या खोलीत, तोंडावर चादर घेऊन झोपला होता. त्याची पावलं मला दिसत होती.

"गाडीतून उतर," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता उतर. तो माझा नवरा नाही."

"काय म्हणता? आवाज कटतोय ताई. पांढरी जीप..."

फोन बंद पडला. मी परत लावला, वाजून वाजून थांबला. तिसऱ्यांदा बंदच लागला. मला तिचं नावही माहीत नव्हतं. मी नवऱ्याला हलवून उठवलं आणि अनवाणी काकूंच्या दाराशी धावले. त्या शेंगा निवडत होत्या. मी काय बोलले ते मला आठवत नाही, पण त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"नांद्यात कुटं?"

"नवी इमारत म्हणे."

"चल," त्या म्हणाल्या. काकूंचे यजमान, काका, शेतावरून नुकतेच आले होते. त्यांनी टेंपो काढला. काकू आणि मी पुढे बसलो, नवरा मोटरसायकलवर मागे.

माण गावावरून नांद्याला जायचा तो रस्ता मी आधीही बघितला होता. त्या दिवशी मात्र प्रत्येक वळणावर मला काहीतरी दिसत होतं. उसाचं रान दिसलं की वाटायचं, इथे. बांधकामाचा पत्रा दिसला की वाटायचं, इथे. मी मनातल्या मनात तिच्या आईशी बोलत होते. काय सांगणार होते मी तिला? तुमच्या मुलीने माझ्या फोटोवर विश्वास ठेवला, एवढंच. काकू एकदाच बोलल्या. "रडू नगंस. आपल्याला बोलायचं हाय तितं."

नांद्यात काकांनी तिघांना विचारलं. शेतं संपून नवे प्लॉट पडले होते, तिथे एक तीन मजली इमारत होती, गिलावा न केलेली. खाली पांढरी जीप.

मुलगी पहिल्या मजल्यावर, कठडा नसलेल्या जिन्याच्या तोंडाशी आपल्याच बॅगेवर बसली होती. विशी-एकविशीची, तेल लावून घट्ट वेणी घातलेली. मला बघून ती उठली, आणि माझा चेहरा ओळखीचा वाटला म्हणून हसली. ते हसू मला सहन झालं नाही.

"ताई, ते म्हणतात तुम्ही संध्याकाळी येणार. माझी सर्टिफिकेटांची फाइल घेतली त्यांनी. करार होईपर्यंत राहू दे म्हणाले."

खोलीतून एक माणूस बाहेर आला. मी मनात कुणी राक्षस उभा केला होता. हा इस्त्रीचा शर्ट घातलेला, तिशीतला, खिशाला पेन लावलेला साधा माणूस होता. मला बघून तो दचकलासुद्धा नाही.

"या ताई," तो म्हणाला. "फोटोपेक्षा बारीक झालात."

नवरा पुढे सरकला, पण काकूंनी त्याला हाताने मागे केलं. "फाइल आण," काकू त्या माणसाला म्हणाल्या.

"आजी, तुमचं काय नुकसान केलं मी? खोल्याच देतो ना? बघा, चार मुली राहतात वर. कुणाला हात लावलाय का विचारा. माझ्या नावाने, माझ्या फोटोने कोण आई मुलगी पाठवेल? ताईंचा चेहरा बघून पाठवतात. नव्या साइटवर ताईंची जागा रिकामी होती, मी भरली."

"आणि नवरा?" मी विचारलं. "तू माझा नवरा असल्याचं का सांगितलंस?"

तो माझ्याकडे शांतपणे बघत म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय ना? मिस्टर रात्रपाळीला असतात, म्हणजे दिवसा घरी. चौकात घ्यायला आम्हीच येऊ. मुली तेच वाचून येतात. आईच्या ऑपरेशनसाठी लातूरला जाताय तेही तुम्ही जुन्या गटावरच लिहिलं होतंत. तेवढ्यात मी काम सुरू केलं."

आजवर त्याच्याविषयी मला जे वाटत होतं त्यापेक्षा हे वाक्य भयंकर होतं. त्याने माझ्या घरावर पाळत ठेवली नव्हती. खिडकीतून डोकावला नव्हता. माझ्या घराचं दार कधी उघडं असतं, नवरा कधी असतो, मी गावाला कधी जाते, हे मी स्वतःच गोड शब्दांत सगळ्या जगाला सांगून ठेवलं होतं.

"फाइल," काकू पुन्हा म्हणाल्या, "न्हाईतर हितल्या सरपंचाला बोलावते. माजं माहेर हाय हे."

ते खरं नव्हतं. काकूंचं माहेर मुठा गावचं. पण त्या असं बोलल्या की त्या माणसाने आत जाऊन फाइल आणि मुलीचा फोन आणला. काकूंनी फाइल उघडून मुलीला एकेक कागद बघायला लावला. मग वर जाऊन त्या चौघींनाही विचारून आल्या. दोघी बॅगा भरून आमच्याबरोबर निघाल्या. उरलेल्या दोघी म्हणाल्या, इथे बरं आहे, भाडं कमी आहे. त्या तिथेच राहिल्या. त्यांचं पुढे काय झालं हे मला कळलं नाही, आणि त्यांची आठवण अजून येते.

बॅगेवर बसलेली ती मुलगी वाशिमची होती; टेंपोत ती काकू आणि माझ्या मध्ये बसली. माण ओलांडल्यावर म्हणाली, "ताई, फोन त्यांनी गाडीतच मागून घेतला, चार्जिंगला लावतो म्हणून." आणि मग रडायला लागली. तिला आत्ता कुठे कळलं होतं.

आम्ही पोलिसांत अर्ज दिला. तीन आठवड्यांनी ते पान नवऱ्याच्या खात्यावरूनही दिसेनासं झालं. त्या माणसाने इमारत सोडली असं काका म्हणाले. दुसरीकडे, दुसऱ्या कुणाच्या चेहऱ्याने त्याने काम सुरू केलं असेल, असं मला वाटत राहिलं. कितीतरी दिवस मी संध्याकाळी दाराला आतून कडी घालायचे. पांढरी जीप दिसली की रस्त्याच्या कडेला थांबायचे. मुली डबा घ्यायला आल्या की आधी खिडकीतून बघायचे. नवरा चिडायचा, मग तोही गप्प बसायला लागला.

जुना गट मी बंद केला. वर्षभर नव्या साइटवर काहीच केलं नाही. मुली एकमेकींकडून ऐकून येत होत्या तेवढ्याच. वाशिमची मुलगी आमच्याकडेच राहिली, आणि तिनेच पुढच्या वर्षी माझ्या मागे लागून पान काढायला लावलं. "तुम्ही नाही काढलं तर पुन्हा कोणीतरी काढेल," ती म्हणाली. तिचं बरोबर होतं.

मी पान काढलं. फोटो लावला तो फक्त काकूंच्या खोल्यांचा. नवऱ्याविषयी, माझ्या येण्याजाण्याविषयी एक अक्षर लिहिलं नाही. चौकात काकू येतील असंही लिहिलं नाही, जरी आता प्रत्येक मुलीला आणायला काकू स्वतः जात होत्या.

तासाभरात पहिला निरोप आला. परभणीची एक आई मुलीच्या खात्यावरून लिहीत होती. खोलीचं, पाण्याचं काही विचारलं नव्हतं. एकच ओळ होती.

"तुम्ही खरंच तुम्हीच आहात ना?"

ह्याला लिहून काय उत्तर द्यायचं असतं? मी त्यांचा नंबर मागितला आणि फोन लावला.