थांबायचं कुठवर

घाटकोपरच्या त्या अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्राचा तास सहसा कुणी बुडवत नसे. ऋता चांदोरकर वर्गात शिरली की मुली आधी तिच्या पिशवीकडे बघायच्या. त्या पिशवीतून कधी मातीचे गोळे निघत, कधी बांगड्या, कधी एक बसका आणि एक उंच असे दोन ग्लास. शेजारच्या शाळेतून पहिलीतलं एखादं मूल बोलावलं जाई. त्याच्या डोळ्यांदेखत ऋता बसक्या ग्लासातलं पाणी उंच ग्लासात ओतायची आणि विचारायची, "काय रे, पाणी जास्त झालं, कमी झालं, की तेवढंच आहे?"

"जास्त!" मूल ठासून सांगायचं. उद्याच्या शिक्षिका खुदकन हसायच्या.

मुलाच्या हातावर खडीसाखर ठेवून ऋता त्याला परत पाठवायची आणि मग वर्गाकडे वळायची. "हसलात ना? ते चुकलेलं नाही. ते त्याच्या पायरीवर उभं आहे आणि तिथून त्याला असंच दिसतं. घोकून घेतलंत तर 'तेवढंच' म्हणेलही, पण दिसेल त्याला जास्तच. मुलाला ओढू नका. प्रत्येक मूल आपापल्या वेगाने वाढतं. थांबा. आणि काहीही झालं तरी त्याच्यावर शिक्का मारू नका."

हे ती पुस्तकातलं म्हणून सांगत नव्हती. लहानपणी तिला स्वतःलाच वाचायला उशिरा आलं होतं. दुसरीच्या बाईंनी तिला शेवटच्या बाकावर, 'ढ' मुलांच्या रांगेत बसवलं होतं. चौथीत अचानक अक्षरं जुळली, आणि पुढे तीच मुलगी एम.एड.ला पहिली आली. पण त्या बाकावरचं वर्ष ती विसरली नाही. आपल्या हाताखालून जाणारी एकही शिक्षिका कुणा पोराला त्या बाकावर बसवणार नाही, एवढीच तिची जिद्द होती.

तिला मुलगा झाला तेव्हा ती पस्तिशीला आली होती. अनय. नवरा मुकुल अंधेरीला विमा कंपनीत होता, सासूबाई कुंदाताई घरातच. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत बाळाला खाली ठेवायची सोय नव्हती, इतके लाड. अनय उशिरा बसला, उशिरा चालला. दोन वर्षांचा झाला तरी 'आई' म्हणेना. "मुकुलही तीन वर्षांचा होईस्तोवर मुका होता," कुंदाताई म्हणायच्या. "आमच्याकडचे मुलगे उशिराच बोलतात." ऋताला ते ऐकून बरं वाटायचं. ती अनयशी तासन्‌तास बोलायची, गाणी म्हणायची. तो तिच्या ओठांवर बोट ठेवून हसायचा. जे मूल असं हसतं त्याच्यात काय कमी असणार, असं तिच्या मनात येई.

साडेचारचा असताना ज्युनियर केजीच्या प्रेमा टीचरनी तिला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. प्रेमा टीचर साध्याशा बाई होत्या, बोलताना ओढणीचं टोक पिळत होत्या.

"मॅडम, रागावू नका हं. अनय हाक मारली तर बघत नाही. दुसऱ्या मुलांमध्ये मिसळत नाही. एकदा कुठे तरी दाखवून घ्या ना."

"तुमचं ट्रेनिंग कुठे झालं?" ऋताने विचारलं.

"सहा महिन्यांचा कोर्स केलाय."

"मी शिक्षिका घडवते," ऋता म्हणाली. "चार वर्षांच्या मुलाबद्दल असं बोलू नये, हे कोर्समध्ये शिकवलं नाही का तुम्हाला?"

ती तेवढ्यावर थांबली नाही. मुख्याध्यापिकेकडे गेली, मुलांवर शिक्के मारण्याचे काय परिणाम होतात ते अर्धा तास समजावून आली. पुढच्या वर्षी प्रेमा टीचर त्या शाळेत दिसल्या नाहीत. का, ते ऋताने विचारलं नाही.

मुकुलने मात्र विषय सोडला नाही. "अगं, दाखवण्यात काय जातं आपलं?"

"एकदा कागदावर आलं ना मुकुल, की मूल तेवढंच होऊन बसतं. माझं ऐक. मी हेच शिकवते."

यावर मुकुल काय बोलणार? त्याला विम्यातलं कळायचं, हिला मुलांतलं. घरात तज्ज्ञ असताना बाहेर कुणाला विचारायचं, असं त्यालाही वाटून गेलं असेल. विषय तिथेच राहिला.

ऋता घरी पुन्हा पुन्हा ते दोन ग्लास काढायची. अनय सहा वर्षांचा झाला, मग सात. एका रविवारी तिने पाणी ओतलं आणि विचारलं, "अनय, कशात जास्त?" त्याने दोन्ही ग्लासांकडे बघितलं. मग बसका ग्लास उचलून पिऊन टाकला, उंचही पिऊन टाकला, आणि हात पुढे केला. खडीसाखरेसाठी. कुंदाताई हसल्या. ऋताही हसली, स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याला धरून उभी राहिली. त्याला प्रश्नच कळला नव्हता. 'जास्त' हा शब्दच त्याच्यापाशी नव्हता. चूक उत्तर द्यायलासुद्धा एका पायरीवर उभं असावं लागतं, आणि ती पायरी त्याने अजून गाठलेलीच नव्हती. हे तिला त्या दिवशी नव्याने कळलं असं नाही. बरेच दिवस कळत होतं. त्या दिवशी तिने ते कळू दिलं, एवढंच.

त्याच आठवड्यात ते एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. दोन-तीन खेपांमध्ये तपासण्या झाल्या. तिथली मानसशास्त्रज्ञ वयाने ऋताच्या विद्यार्थिनींएवढी होती. तिने नीट, सावकाश सांगितलं: बौद्धिक अक्षमता, मध्यम स्वरूपाची, आणि भाषा फार मागे आहे.

"आधी आणलं असतं तर?" मुकुलने विचारलं. ऋताकडे न बघता.

"बोलण्यात फरक पडला असता. तीन-चार वर्षांच्या वयात थेरपी सुरू झाली की गरजेपुरते शब्द येतात पुष्कळ मुलांना."

"किती फरक?"

"ते सर, कुणीच सांगू शकणार नाही."

तिने 'काहीच फरक पडला नसता' म्हटलं असतं तर ऋता रडून मोकळी झाली असती. 'सगळं बदललं असतं' म्हटलं असतं तर मुकुलला तरी ओरडता आलं असतं. त्या 'किती'चं उत्तर नव्हतं म्हणून ते कधी संपलंच नाही. मुकुल तिला एका शब्दाने बोलला नाही, नंतरही नाही. फक्त घरातल्या कुठल्याही गोष्टीत तिचं मत विचारायचं त्याने बंद केलं. पडदे कुठले घ्यायचे इथपासून.

थेरपी सुरू झाली. मुलुंड ते घाटकोपर, घाटकोपर ते मुलुंड, ऋताच्या कॉलेजच्या वेळा सांभाळून. अनयला शब्द आले थोडे. 'दे', 'नको', 'झालं', 'पप्पा'. 'आई' शेवटपर्यंत नीट आलं नाही. तो तिला 'आ' म्हणायचा. शाळा दोनदा बदलली, मग विशेष शाळा.

कॉलेजात ऋता तोच विषय शिकवत राहिली. दुसरं तिला येत काय होतं? एका वर्षी विक्रोळीची संघमित्रा नावाची मुलगी वर्गात आली. बुद्धीने तल्लख, प्रश्न विचारताना आडपडदा नाही. घरात शिक्षिका होणारी ती पहिलीच. वडील रतन बेस्टच्या बस डेपोत मेकॅनिक, त्यांनी तिच्या प्रवेशाच्या दिवशी सगळ्या मजल्याला पेढे वाटले होते. ऋताने 'थांबा'चं वाक्य म्हटलं आणि संघमित्राचा हात वर गेला.

"मॅडम, थांबायचं कुठवर? म्हणजे हळू चाललेलं मूल आणि अडकलेलं मूल, हे वर्गात बसून ओळखायचं कसं?"

ऋताने खडू खाली ठेवला. उत्तर तिच्या घरात होतं, तेरा वर्षांचं, तिच्याच खांद्याएवढं वाढलेलं. "परीक्षेला एवढं येत नाही," ती म्हणाली आणि पुढच्या मुद्द्यावर गेली.

तास संपल्यावर मात्र तिनेच संघमित्राला बोलावून घेतलं आणि अनयबद्दल सगळं सांगितलं. कॉलेजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सांगून झाल्यावर म्हणाली, "शंका आली ना, तर बोल. चुकलीस तरी चालेल. गप्प बसू नकोस."

संघमित्राने ते शब्द मनावर घेतले.

पात्रता परीक्षा वगैरे पार करून तिला घाटकोपरच्याच एका खाजगी शाळेत नोकरी लागली. वरचेवर फोन यायचा, "मॅडम, आज वर्गात मातीचे गोळे नेले, झकास झाला तास!" ऋताचा तो दिवस बरा जायचा. आणि मग एक दिवस फोन आला तो रडतच. तिच्या सिनियर केजीत एक मुलगी होती. नावाने हाक मारली तरी वळत नव्हती, बोललेलं तसंच्या तसं उलट म्हणायची. संघमित्राने महिनाभर पाहिलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं. हळूच, नीट शब्दांत. दुसऱ्या दिवशी आई-वडील दोघंही शाळेत. आमच्या मुलीला वेडी म्हटलं, अशी तक्रार. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंब झाली. शाळेने संघमित्राला माफी मागायला लावली आणि वर्षअखेरीस कामावरून काढून टाकलं.

ऋता त्या शाळेत गेली. मुख्याध्यापिकेने चहा मागवला. "तुमचं म्हणणं पटतंय हो मला, पण आम्हालाही शाळा चालवायचीय," एवढंच ती म्हणाली. ऋता बाहेर पडली तर फाटकाशी ती आई मुलीला न्यायला आली होती. मुलगी तिच्या कडेवर, केसांना रंगीत क्लिपा, नजर कुठेच नाही. शिपायाने बोट दाखवलं म्हणून ऋताला ओळखता आली.

"मी संघमित्राची शिक्षिका," ऋता म्हणाली. "दोन मिनिटं बोलू का?"

बाईंचा चेहरा तिथेच आवळला. "प्रत्येक मूल आपापल्या वेगाने वाढतं, मॅडम. तुम्ही शिक्षणातल्या ना? मग एवढं तर तुम्हाला माहीत पाहिजे."

ऋताने ते वाक्य किती वर्गांत सांगितलं होतं. कुठून कुठून फिरत ते या बाईच्या तोंडी आलं होतं, आणि तिच्या हातात ते काठीसारखं होतं. "माझं ऐका," ती म्हणाली, "माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. मीही हेच म्हणत थांबले. तुमची मुलगी अजून लहान आहे, तुमच्याकडे वेळ..."

"तुमच्या मुलाचं तुमच्यापाशी ठेवा!" बाई ओरडल्या. मुलगी दचकली नाही. "माझ्या लेकीवर कशाला काढता?"

रिक्षा थांबली, त्या गेल्या. ऋताला त्यांचा राग आला नाही. तिला प्रेमा टीचर आठवल्या, ओढणीचं टोक पिळणाऱ्या. त्या आता कुठे असतील, हे शोधायचं कसं तेही तिला माहीत नव्हतं. ज्युनियर केजीच्या बाईंचं आडनाव तिने तेव्हा विचारलंच नव्हतं.

जून उजाडला तेव्हा त्या मुलीला दुसऱ्या शाळेत घातल्याचं कळलं. संघमित्राने अंधेरीला एका क्रेडिट कार्डाच्या कॉल सेंटरात नोकरी धरली. ऋताने तिला पुन्हा शाळेत अर्ज करायला सांगितलं, दोन ठिकाणी शब्दही टाकला. "नको मॅडम," ती म्हणाली. "इथे समोरचा शिव्या देतो, पण फोन ठेवला की संपतं. तिथे वर्गात बसलं की मला दिसायलाच लागतं. आणि दिसलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. मग न बघितलेलंच बरं ना?"

अध्यापक विद्यालयात प्रवेश आधीच ओसरत चालले होते. त्या वर्षी पहिल्या वर्षाला तीन मुली उरल्या, आणि संस्थेने दुसऱ्या सत्रात कुलूप लावायचं ठरवलं. प्रयोगाचं सामान कुणाला हवं का, म्हणून फलक लागला. कुणी आलं नाही. निरोपाच्या दिवशी त्या तिघींनी ऋतासोबत फोटो काढला. त्यातल्या दोघी पुढे बँकेच्या परीक्षेचा क्लास लावणार होत्या.

कुंदाताई गेल्या. मुकुल निवृत्त झाला आणि त्याच वर्षी त्याच्या हाताला कंप सुरू झाला. एकदा दोघं बदलापूरच्या पुढे एक निवासी संस्था बघून आले. स्वच्छ होती. ओळीने खाटा, ओळीने मोठी झालेली मुलं. तिथल्या बाई म्हणाल्या, "पालक हयात असेपर्यंत आम्ही शक्यतो घेत नाही." परत येताना मुलुंड आल्यावर मुकुल म्हणाला, "तुला काय वाटतं?" किती वर्षांनी त्याने तिला हे विचारलं होतं.

अनय आता एकोणीस वर्षांचा आहे. बापापेक्षा उंच. रविवारी त्याची दाढी करायची असते. मुकुलचा हात थरथरतो म्हणून ते काम ऋताकडे आलंय. ती त्याला बाल्कनीत स्टुलावर बसवते, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळते. तो हनुवटी वर करून अगदी स्तब्ध बसतो, ब्लेड गळ्यावरून फिरत असताना डोळेसुद्धा मिटून घेतो. इतका विश्वास दुसरं कुणी तिच्यावर टाकत नाही, आणि तेच तिला सहन होत नाही.

"झालं?" तो विचारतो.

"नाही रे," ती म्हणते, "ही बाजू राहिलीय."

तो मान दुसरीकडे वळवतो.