गमत्याची कात्री

गटातली माणसं त्याला गमत्या म्हणत. धंद्याने तो सलूनवाला. गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावता लावता दोन विनोद फुकट द्यायची त्याची सवय. ती तो डॉक्टरीणबाईंच्या मानसोपचारांच्या खोलीतही घेऊन आला होता. दर गुरुवारी गटासाठी प्लास्टिकच्या खुर्च्या गोल मांडल्या जात आणि अर्धा वेळ त्याच्या गमतीजमतीत जाई.

"तुम्हाला काय धाड भरलीय? इथे येताच कशाला?" निवृत्त शिक्षिकाबाई विचारायच्या.

"घरी माझं कोण ऐकतंय, बाई?"

सोमवारी मात्र तो त्याच डॉक्टरीणबाईंसमोर एकटा बसे. तिथे त्याला एकही विनोद सुचत नसे. वर्षापूर्वी त्याच्या धाकट्या भावाने जीव दिला होता. त्याआधी काय घडलं, ते त्याने रडत रडत बाईंना सांगून टाकलं होतं. त्याला वाटलं, सांगितलं, सुटलो.

"इथलं मी गटात नेणार नाही," बाई म्हणाल्या. "न्यायचं तर तुम्हीच न्यायचं."

"मग राहू द्या इथेच."

राहिलं. सोमवारी रडायचं, गुरुवारी हसवायचं, असं कितीतरी महिने चाललं. झोपेचा मात्र पत्ता नव्हता.

एका गुरुवारी, कधी तोंड न उघडणारा कारकून बुटांकडे बघत म्हणाला, "मला आता जगावंसंच वाटत नाही."

मग एकेकाची नजर गमत्याकडे वळली. आता तूच काहीतरी बोल, बाबा! विनोद तर त्याच्या जिभेवर येऊन बसलाच होता. मेली जीभ! त्याने तो गिळला.

"माझा भाऊ हेच म्हणाला होता," तो म्हणाला. "फोनवर. दुकानात ही गर्दी. मी म्हटलं, जा खुशाल, पण आधी माझी कात्री परत कर."

सगळे खो खो हसले. शिक्षिकाबाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. कारकूनही किंचित हसला. हसल्या नाहीत त्या फक्त डॉक्टरीणबाई. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्या तोंडातून अवाक्षर काढेनात. त्याला त्यांचा भयंकर राग आला.

हसू ओसरेपर्यंत तो थांबला.

"त्यानं केली परत."

रुमाल शिक्षिकाबाईंच्या हातात तसाच राहिला.

"कधी?" कारकुनाने विचारलं. त्याने पहिल्यांदाच मान वर केली होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी. मी यायच्या आधी दुकानाच्या दाराशी ठेवून गेला. धार लावून, तेल देऊन, स्वच्छ फडक्यात गुंडाळून." गमत्या कारकुनाकडे वळला. "मला वाटलं, चला, शहाणा झाला एकदाचा. म्हणून मी साधा फोनसुद्धा केला नाही."