एक्समूरच्या घोड्यांसाठी उतरवलेल्या बांगड्या

"एक्समूरला जायचं म्हणतो," हे जेवता जेवता म्हणाले, आणि माझी पोळी तव्यावरच करपली. करपू दे! चार महिन्यांत या माणसाने 'मीठ दे'च्या पलीकडे काही म्हटलं नव्हतं.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. लेस्टरमधली यांची होजिअरीची फॅक्टरी बंद पडली. बरोबरच्या लोकांनी निरोपाला कॅमेरा दिला, लांब नळीचा. तो कपाटात आणि हे खिडकीत. मग लायब्ररीतून रानघोड्यांचं एक पुस्तक घरी आलं, आणि एके दिवशी हे वाक्य. एक्समूर म्हणजे इंग्लंडच्या नैऋत्येचा डोंगराळ माळ, ते घोडे तिथलेच. म्हणजे बघा, मला घोडे बघायचे नव्हते. मला यांना काहीतरी हवंसं वाटताना बघायचं होतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. नात म्हणाली, "आजी, तू बोल, फोन लिहितो." म्हणून बोलतेय. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

सप्टेंबरचा शेवट निवडा. उन्हाळ्याची गर्दी सरलेली असते, आणि घोडे डोंगरावरच असतात. मग पुढे गावकरी त्यांना हाकत खाली आणतात आणि शिंगरं वेगळी काढतात. हो, हे रानघोडे असले तरी प्रत्येकाला मालक आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. यांना फोटो हवा होता तो त्याच्या आधीचा. अख्खा कळप, शिंगरासकट, मोकळ्या डोंगरावर.

गाडी आमच्या शुभाने चालवली. मुलगी इथेच वाढलेली, नुकतीच नोकरीला लागलेली. एम फाइव्ह मोटारवेवर रविवारी गर्दी फार, म्हणून पहाटे निघालो. मोटारवे सोडला की रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला तर कुणीतरी पाव मैल मागे जायचं. ते कुणीतरी म्हणजे आपणच. दोन्हीकडे घरापेक्षा उंच कुंपणं. शुभा म्हणाली, "आई, डोळे उघड, आय ॲम ड्रायव्हिंग, तू नाही."

बी अँड बी, म्हणजे कुणाच्या घरातली खोली आणि सकाळची न्याहारी, साधं, स्वच्छ आणि हॉटेलच्या निम्म्यात. मालकीणबाई मिसेस टकर सकाळी टोस्ट, बीन्स, मश्रूम द्यायच्या. दुपारसाठी मी घरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात. डोंगरावर दुकान नाही, हे लक्षात ठेवा. आणि घोड्यांना खायला घालू नका. मला फार मोह झाला. मिसेस टकर म्हणाल्या, खायला घातलं की ते रस्त्यावर येतात आणि गाडीखाली जातात. मी चटकन हात मागे घेतला.

पहिल्या दिवशी घोडे दिसलेच नाहीत. नुसते तांबूस झालेले नेचे, वाळत चाललेली हिदरची जांभळी झुडपं आणि वारा. दुसऱ्या दिवशी दिसले. अहाहा! बुटके, जाड, तपकिरी, आणि तोंडं अशी की कुणी भाकरीच्या पिठात बुडवून काढलीत. डोळ्यांभोवतीही पीठ. एक घोडा, पाच घोड्या आणि एकच शिंगरू, उशिरा जन्मलेलं. माझी कल्पना अशी की घोडा पुढारी असेल. छे! पुढे चालायची ती एक म्हातारी घोडी. ती निघाली की सगळे निघायचे. तिची मान वर करून बघायची तऱ्हा अगदी आमच्या वन्संसारखी, 'कोण गं ते?' अशी. मी नाव ठेवलं वन्सं.

हे दगडाआड पालथे पडले. मी मागे. शाल सावरायला हात उचलला आणि बांगड्या किणकिणल्या. वन्संची मान वर, कान ताठ, आणि कळप टेकडीपलीकडे.

"अगं, जरा काढून ठेव ना त्या."

"काढून? हात मोकळे ठेवू? काहीतरीच काय बोलता!"

शुभा म्हणाली, "आई, इट्स ग्लास. त्याला काय कळतं?"

तिला काय सांगू? आमच्याकडे बांगडी फुटली असंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. नवरा जिवंत असताना हात मोकळे ठेवायचे नाहीत. शेवटी मी दोन्ही हातांवर शुभाचे लोकरी मोजे चढवले. पायातले! तरी किणकिण ऐकू जायचीच. पण कळप आता पळेनासा झाला. मान वर करायचे, माझ्या दिशेने बघायचे आणि पुन्हा चरायला लागायचे. यांना मात्र ते नको होतं, बेसावध चरणारा कळप हवा होता. रोलमध्ये थोडेच फोटो उरलेले आणि निघायला एकच दिवस.

शेवटच्या सकाळी डोंगरावर यांचा चेहरा बघितला. रात्रभर झोप नसावी. मी बांगड्या उतरवल्या. दोन डझन, हिरव्या. दशम्यांच्या रिकाम्या डब्यात रुमालावर ठेवल्या. हे म्हणाले, "दहा मिनिटांत येतो," आणि कळपामागे उतारावरून खाली गेले.

आणि धुकं आलं. आलं म्हणजे कुणी चादर ओढावी तसं. शुभा माझ्या शेजारी होती, ती राखाडी झाली. खाली ओढा होता आणि ओढ्याकाठी ती हिरवीगार जागा, जिच्याबद्दल मिसेस टकर बजावून म्हणाल्या होत्या, "जिथे फार सुंदर हिरवं दिसेल तिथे पाय ठेवू नका, खाली दलदल असते."

"अहोऽऽ!"

"बाबाऽऽ!"

उत्तर आलं ते भलतंच. पोटातून काढलेली डरकाळी. "स्टॅग आहे, आई. हरीण," शुभा म्हणाली. मग एकदा यांची हाक आली, "इकडेऽऽ," डावीकडून की मागून कळेना. ती थांबली आणि पुन्हा आली नाही. आम्ही ओरडून ओरडून घसे बसवले. शुभा खाली निघाली तर मी तिचा कोट घट्ट धरला. "तू गेलीस तर दोन माणसं शोधायची मला."

"काहीतरी वाजव, आई. सतत."

काय वाजवू? झाकण डब्यावर आपटलं, भद्द आवाज. गाडीच्या किल्ल्या म्हणजे खुळखुळा. चमचा शोधला. पोळीभाजी हाताने खाणारी माणसं आम्ही, चमचा कुठला? दगड शोधले, तर हाताला नुसता चिखल आणि हिदर.

डब्यात बांगड्या होत्या.

मी रुमाल काढला. झाकण लावलं. एकदा हळूच हलवला, तर किणकिण धुक्यातच विरली. जोरात हलवला तर फुटणार, हे मला माहीत होतं. हात मोकळे, आणि वर माझ्याच हाताने बांगड्या... शुभा माझ्याकडे बघत होती. एकदाही 'इट्स ग्लास' म्हणाली नाही.

मी डबा डोक्याच्या वर धरला आणि दोन्ही हातांनी खळाखळा हलवला. पहिली फुटली ती मला कळली. मग कळेनाशा झाल्या. किती वेळ कोण जाणे. खांदे भरून आले तेव्हा शुभाने माझ्या कोपरांना आधार दिला, डबा नाही घेतला.

धुक्यात आधी काळं काहीतरी हललं. मग पांढरी दाढी, मग टोपी, मग डोक्यावर धरलेला कॅमेरा. एक पाय मांडीपर्यंत चिखलात माखलेला, बूट नाही.

मी रडले नाही. म्हटलं, "दहा मिनिटं झाली का तुमची?"

यांनी माझ्या मनगटांकडे बघितलं. मग म्हणाले, "पाय आत गेला आणि मी गप्प उभा राहिलो. हाक मारायलाही भीती वाटत होती. मग तुझा आवाज आला. पण कुठून, कळेना. चारी बाजूंनी येतोय असं वाटायचं. घोडे समोरच होते. सगळ्यांनी एकदम मान वर केली. सगळ्यांचे कान एकाच दिशेला. मी पाय उपसला आणि कानांच्या दिशेने चालत आलो."

बोलता बोलता त्यांनी डबा उघडला. आठ शाबूत होत्या. चिखलाच्या बोटांनी त्यांनीच चार-चार माझ्या हातात चढवल्या. शुभा तोंड फिरवून नाक पुसत होती. धुकं विरळ झाल्यावरच आम्ही हललो. आता माझा सल्ला: जाड बूट, होकायंत्र आणि शिट्टी घ्या. शिट्ट्या दोन घ्या.

लेस्टरला आल्यावर बेलग्रेव्ह रोडवर, आपल्या लोकांच्या बाजारात, बांगड्या भरायला गेले. बांगडीवाली म्हणाली, "इतक्या एकदम कशा वाढवल्या?" मी म्हटलं, "घोड्यांसाठी." तिने दर जरा कमीच लावला, मला वेडी समजून.

हे त्यानंतर पुष्कळ बोलायला लागले. आता तर पुरे म्हणावं लागतं. रोल धुऊन आला तेव्हा त्यातले बरेच फोटो हललेले होते. एकच नीट आला, तो हॉलमध्ये लावलाय. पाय अडकलेला असताना काढलेला! मी विचारलं तर म्हणाले, "समोर होते ना."

राखाडी धुकं, सात घोडे, वन्सं पुढे, शिंगरू तिच्या पोटाशी, सगळ्यांच्या माना वर आणि कान ताठ. येणारे-जाणारे विचारतात, हे घोडे एवढं कुणाकडे बघताहेत? मी चहा देते. हात पुढे केला की बांगड्या वाजतात, आणि खुर्चीतून हे मान वर करतात.