चिकूचे कान

इंदुमती गर्गेबाई पिपलानीच्या कारखाना वसाहतीतल्या शाळेत गणित शिकवत. वर्गात त्यांचा मोठा दरारा. घरी मात्र चिकूने मान झटकली की तव्यावरची पोळी करपायची. चिकू ही त्यांची तपकिरी, लोंबत्या कानांची कुत्री. दोन वर्षांत तिचे कान सहा वेळा पिकले होते. आधी आंबूस वास, मग पिवळट घाण, मग दिवसभर खाजवणं. थेंब घातले की आठवड्यात बरं वाटे, आणि तीन-चार महिने उलटतात न उलटतात तोच पुन्हा सुरू.

दर वेळी बाई आणखी कडक होत. अंथरूण उकळत्या पाण्यातून काढायचं, फरशी दोनदा पुसायची, सकाळ-संध्याकाळ ओल्या कापसाने कान साफ करायचे. कापूस दिसताच चिकू पलंगाखाली शिरायची.

"अगं, जरा दम घेऊ दे तिला," मधुकरराव बायकोला म्हणत.

"बहिरी झाली म्हणजे?" बाई फटकन बोलत आणि पुन्हा कापूस भिजवत.

त्यांची लेक निर्मला चौथीत असताना तिचा उजवा कान वाहायचा. पेपर तपासायचे होते, बाईंनी कोमट तेलावर भागवलं. त्या कानाने निर्मलाला आता जवळजवळ ऐकू येत नाही. तिने कधी बोलून दाखवलं नाही. बाई मात्र विसरल्या नाहीत.

सातव्यांदा कान पिकला तेव्हा कुणीतरी जवाहर चौकातल्या डॉक्टर देवांचं नाव सांगितलं. देव मूळचे इंदूरचे. त्यांनी कानातली घाण तपासणीला पाठवली. चार दिवसांनी कळलं, जुन्या थेंबांना जंतू आता दादच देत नव्हते.

"कान रोज साफ करता?"

"दोनदा," बाई अभिमानाने म्हणाल्या.

"तिथेच गडबड आहे बाई. कान सारखा ओला, कातडी सोललेली. आणि थेंब कधी बंद करता?"

"वास गेला की लगेच."

"वास गेला म्हणजे जंतू गेले नाहीत. हे नवे थेंब तीन आठवडे घाला. मी तपासून सांगेन तेव्हाच थांबायचं. आणि कापूस कपाटात!"

दोन वर्षं आपणच दुखणं पोसत होतो, हे बाईंना सहन होईना. थेंब घालून झाले की हात रिकामे. बिट्टन मार्केटला भाजीला निघाल्या आणि अर्ध्या वाटेतून परतल्या. चिकू शांत झोपली होती. त्यांनी निर्मलाला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"आई, माझ्यासाठी करायचं राहिलं ते तू चिकूवर करतेस," निर्मला म्हणाली.

"माझं चुकलं गं तेव्हा." वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या हे बोलल्या.

"माहीत आहे मला. मी रागावलेही होते. आता नाही."

बाई फोन धरून बराच वेळ रडल्या.

तीन आठवड्यांनी डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही कान स्वच्छ. पुढचे आठ महिने नीट गेले. मग पावसाळ्यात डावा कान पुन्हा पिकला. बाईंनी लगेच डॉक्टरांना दाखवलं, सांगितले तितके दिवस थेंब घातले, आणि तो बरा झाला.

आता दर रविवारी एकदा कानांचा वास घेऊन बघायची डॉक्टरांची परवानगी आहे. बाई शनिवारीच घेतात.