ताईचा आवाज

माझी ताई आता ब्रिगेडियर आहे, पण तिचा आवाज पांडेसऱ्याच्या गिरणवस्तीतच तयार झाला. आमचे वडील, आप्पा, तिथे कापडाचे लूम चालवायचे. त्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागे, आणि ती सवय घरीही सुटत नसे. मग आम्ही सगळेच ओरडायचो. आत्या मात्र ताईवरच डाफरायची, ‘हिला कोण सून करून घेईल?’ मी मुलगा, माझ्या ओरडण्याचं तिला काही नव्हतं!

नव्वदच्या दशकात लष्कर मुलींना अधिकारी म्हणून घेऊ लागलं, तेव्हा ताई निवडली गेली. परेडला तिची हाक अख्ख्या मैदानाला ऐकू जायची म्हणे. पहिल्या सुट्टीत ती दारात उभी राहून अगदी साहेबासारखं हळू म्हणाली, ‘आप्पा, मी आले.’

आप्पांचा चेहरा पडला. ‘काय वं माय, तिथे पोटभर जेवायला देत नाहीत का?’