आठ दिवसांची शिट्टी

मावशीचा धंदा रफूचा. कोटाला निखाऱ्यानं भोक पडलेलं असो की लोकरीच्या शालीला उंदरानं दात लावलेले असोत, तिच्या सुईखालून गेलेल्या कापडावर फाटलं कुठं होतं हे खुद्द मालकालाही शोधून सापडत नसे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक टेबल, मान वाकवता येणारा एक दिवा, भिंतीवर रंगाप्रमाणे टांगलेली दोऱ्यांची रिळं आणि थेट रस्त्यावर उघडणारा दरवाजा. तो दरवाजाच तिला नडला.

दरवाज्यासमोर रस्ता वळतो. वर खाण आहे. खडीनं भरलेले ट्रक उतारानं खाली येतात आणि वळणावर शाळेची उंच भिंत आड येत असल्यामुळे पुढचं काही दिसत नाही. शाळेचं फाटक रस्त्याच्या पलीकडे, मुलांची घरं सगळी अलीकडे. ज्यानं कुणी शाळेला ही जागा दिली, त्याला स्वतःला मुलं नसावीत, असं मावशीचा नवरा म्हणायचा. तो अधिकारवाणीनं बोलायचा, कारण बत्तीस वर्षं त्यानं ट्रकच चालवला होता. डोळे अधू झाले तेव्हा चाक सोडून तो घरी बसला.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी मुख्याध्यापिकाबाई कोपर विरलेला स्वेटर घेऊन दुकानात आल्या. स्वेटर टेबलावर ठेवला, पण त्यांचं खरं काम वेगळंच होतं. शाळेचा राखणदार जिन्यावरून पडून पाय मोडून घेऊन बसला होता.

"मावशी, तुमचं दार इथंच आहे. आठ दिवस जरा मुलांना रस्ता ओलांडून द्याल का? सकाळी अर्धा तास, दुपारी अर्धा तास. ही त्याची शिट्टी."

मावशीनं शिट्टी साबणानं धुतली आणि गळ्यात अडकवली. आठ दिवसांचा तर प्रश्न. राखणदाराचा पाय बरा झाला, पण तो परत आला नाही. नवा आला, तो म्हणाला, माझी ड्यूटी फाटकाच्या आत. मग सहामाही परीक्षा आली, मग सुट्टी, मग नवीन वर्ष, आणि कुणी शिट्टी परत मागितली नाही. पहिलीत जिचं बोट धरून मावशीनं तिला रस्ता पार करून दिला होता ती मुलगी आता उंच झाली होती आणि कॉलेजला जाताना लांबूनच हात करायची. तिच्या धाकट्या भावंडांना मात्र अजून मावशीच लागत होती.

या अकरा वर्षांत मावशी शाळेच्या दिवशी कुठंही गेली नाही. बहिणीच्या घरचं लग्न रविवारी होतं म्हणून गाठता आलं. आजारी पडायचं तेही सुट्टीतच. तिच्या दप्तरी एकही अपघात नव्हता. पण उजवा हात सारखा वर धरून धरून खांदा असा धरला होता की संध्याकाळी सुईत दोरा ओवताना तोंडातून आपसूक 'आई गं' निघायचं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हात वर करायचा नाही. मावशी हसली. डॉक्टरांना वाटलं, धीराची बाई आहे.

त्याच सुमारास नगरपालिकेनं ठरवलं की रस्ते सुरक्षित ठेवायला हातभार लावणाऱ्या नागरिकांचा सत्कार करायचा. यादीत पहिलं नाव मावशीचं. सभागृहात खुर्च्या मांडल्या, माइक किंचाळला, नगराध्यक्षांनी तिला चकाकणारं पिवळं जाकीट घातलं आणि काचेच्या चौकटीतलं प्रशस्तिपत्र हातात दिलं. त्यात लिहिलं होतं की या भगिनींच्या निष्ठेमुळे शाळेच्या वळणावर अकरा वर्षांत एकही अपघात घडलेला नाही.

"दोन शब्द बोला," कुणीतरी म्हणालं.

मावशीनं माइक धरला. "मला काही बोलता येत नाही. तिथं दोन स्पीडब्रेकर आणि एक सिग्नल द्या. मी तीनदा अर्ज केलाय."

सभागृह खळखळून हसलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. किती साधी बाई! नगराध्यक्षांनीही टाळ्या वाजवल्या. मावशी खाली उतरली तेव्हा तिला कळेना, आपण विनोद केला की काय.

पण आशा वाटली होती हे खरं. मुलगी दुसऱ्या शहरात होती, तिला सातवा महिना लागला होता, पहिलीच खेप. "आई, या वेळी तरी तू हवीस," असं ती फोनवर म्हणाली होती, आणि त्यातला 'या वेळी तरी' मावशीच्या काळजात रुतून बसला होता. स्पीडब्रेकर झाले तर महिनाभर जाता येईल. म्हणून सत्कारानंतर आठवड्यानं ती रस्ते विभागात गेली.

तिथला इंजिनिअर तरुण होता, सभ्य होता. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, फाइलही काढून दाखवली.

"मावशी, मी तुमच्यापासून लपवत नाही. हा रकाना बघा. मागच्या तीन वर्षांतले अपघात. तिथं शून्य आहे. अपघात असलेल्या जागांची यादीच इतकी लांब आहे की शून्यवाल्यांपर्यंत आम्ही पोचतच नाही."

"शून्य का आहे ते माहीत आहे ना?"

"माहीत आहे. तेही लिहिलंय. 'स्थानिक स्वयंसेविका उपलब्ध.' आणि आता तर..." तो अडखळला. त्यानं पान उलटलं. तिच्या प्रशस्तिपत्राची प्रत फाइलला टाचलेली होती. "हे वरून जोडून आलं. अर्ज निकाली काढलाय."

मावशी त्या कागदाकडे बघत राहिली. "म्हणजे कुणी पडलं असतं, तर मिळालं असतं."

 इंजिनिअरला फाइलची नाडी बांधायला फार वेळ लागला.

घरी आल्यावर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. "मी सांगू? तू उद्यापासून दार लावून घे. बघू काय करतात ते."

"आणि वरून गाडी आली तर?"

 भरलेल्या गाडीचा ब्रेक त्या उतारावर किती लांबून दाबावा लागतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? "मी उभा राहिलो असतो गं," तो हळूच म्हणाला, "पण मला ट्रक दिसेल तोवर तो माझ्या अंगावर असेल."

मग मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांची सभा घेतली. सगळ्यांनी मावशीचं तोंड भरून कौतुक केलं. मावशी म्हणाली, "कौतुक पुरे, माणूस द्या." तेव्हा कुणाला कारखान्याची पाळी आठवली, कुणाला सासूबाईंचं पथ्य. शेवटी घरोघरी गॅस सिलिंडर पोचवणारे एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, मी करतो महिनाभर. मावशीनं त्यांना दोन दिवस शेजारी उभं करून शिकवलं. ट्रकचा आवाज बदलला की हात वर करायचा, ट्रक दिसल्यावर नाही. लहान मुलं आधी, कारण मोठी स्वतःहून थांबतात. गडी तयारीचा वाटला.

जायचा दिवस उजाडला. पावणेआठच्या सुमारास नवराबायको एसटी स्टँडवर बाकावर बसले होते, मधे बॅग. गाडी लागायला पाच मिनिटं होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मावशी," मुख्याध्यापिकाबाई बोलत होत्या आणि मागून मुलांचा कलकलाट येत होता, "ते आले नाहीत. फोन लागत नाही. पोरं यायला लागलीत. मी एकटी काय काय बघू?"

मावशीनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं बॅग स्वतःकडे ओढून घेतली.

"जा," तो म्हणाला. "मी पुढं होतो. तुझ्या बदल्यात मी काय कामाचा, पण निदान दार उघडायला कुणीतरी असेल."

ती रिक्षानं परत आली. सिलिंडरवाले वडील दुपारी माफी मागायला आले. एजन्सीनं त्या दिवसापासून सकाळची पाळी लावली होती, नाही म्हटलं तर कामच जातं. त्यांच्यावर तरी काय रागवायचं? त्यांच्या दोन मुली रोज याच रस्त्यानं जात होत्या, आणि ते सांगताना त्यांची नजर जमिनीवरून हलत नव्हती.

पुढचे दिवस मावशीनं मोजले नाहीत. रोज शाळा सुटल्यावर निघू म्हणायची, आणि रोज उद्याची सकाळ आडवी यायची. बाळंतपणाला अजून अवकाश होता, डॉक्टरांनी तारीख तशी पुढचीच दिली होती. पण बाळ तारखा बघून येत नाही. एका मंगळवारी शाळा सुटण्याच्या वेळेला, रस्त्याच्या मधोमध उभी असताना, जाकिटाच्या खिशात फोन वाजू लागला. डाव्या हाताशी मुलांची रांग होती आणि उजवा हात वर होता. वरून एकामागून एक दोन ट्रक येत होते. फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. कुणाचा आहे हे तिला ठाऊक होतं. फटाफट चला रे, ती ओरडली, आणि तिचा तो आवाज ऐकून पहिलीतलं एक पोर घाबरून रस्त्यातच थांबलं. तिनं त्याला दंडाला धरून पार नेलं. शेवटचं दप्तर अलीकडच्या फुटपाथवर चढल्यावर तिनं फोन काढला. सात वेळा येऊन गेला होता.

"मुलगी झाली," नवरा म्हणाला. "दोघी ठीक आहेत. पाचच मिनिटं झाली. आत नेण्यापूर्वी तिला तुझ्याशी एकदा बोलायचं होतं."

मावशी दुकानात आली, दार लावलं आणि दोऱ्यांच्या रिळांकडे तोंड करून रडली. मग तोंड धुतलं. जाकीट घालूनच ती रस्ते विभागात गेली.

"साहेब, उद्या सकाळी पावणेआठला माझ्या दाराशी या," ती इंजिनिअरला म्हणाली. "अर्ज नाही आणलेला. हे जाकीट तुम्ही घालायचं. अर्धाच तास."

तो नाही म्हणाला असता तर तिला नवल वाटलं नसतं. पण तो आला, मोटरसायकल भिंतीला लावली, जाकीट चढवलं. पहिली दहा मिनिटं ठीक गेली. मग वरून गाडी आली. तिनं मागून "आता!" म्हटलं, पण तो गाडी दिसायची वाट बघत राहिला, आणि दिसली तेव्हा हात वर करून तसाच खिळला. ब्रेक करकचून लागले. खडीचे दोन खडे हौद्यातून उडून रस्त्यावर आले. ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला, आणि इंजिनिअरच्या मागे चौदा मुलं होती.

ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं. "मेला होतास की! मावशी कुठंय?"

उरलेली मुलं मावशीनं पार केली. इंजिनिअर दुकानाच्या पायरीवर बसला होता. 

"असं किती वेळा होतं?"

"हातभर? महिन्यातून एकदा. थोडं लांबून, आठवड्यातून दोन-तीनदा."

"कधी सांगितलं नाहीत."

"तुमच्या कागदावर त्याला रकाना कुठंय?"

त्यानं खिशातलं पेन काढलं. मग म्हणाला, "लिहून ठेवा. रोज. तारीख, वेळ, गाडी. आजचं मी लिहितो, माझ्या सहीनं."

तीन महिने मावशीनं लिहिलं. त्या वहीवर खाणवाल्यांनी शंका काढली, एका वरिष्ठानं इंजिनिअरला विचारलं की रस्त्यावर उभं राहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं, आणि फाइल दोन वेळा परत आली. शेवटी डांबराची गाडी आली. दोन जाड स्पीडब्रेकर आणि मधे पांढरे पट्टे. सिग्नल 'विचाराधीन' राहिला. मुख्याध्यापिकाबाईंनी चार पालकांच्या पाळ्या लावल्या, आणि पहिल्या पाळीला सिलिंडरवाले वडील होते.

नातीला पाच महिने होऊन गेल्यावर मावशी मुलीकडे पोचली. मुलीनं दारात तिला मिठी मारली, पण काही बोलली नाही. ते न बोलणं मावशीनं निमूट पदरात घेतलं. बाळ तिच्याकडे परक्यासारखं बघून आजोबांच्या खांद्यात तोंड लपवत होतं. तीन दिवस ती त्याच्याभोवती घुटमळली तेव्हा कुठं ते तिच्या मांडीवर आलं.

चौथ्या दिवशी सकाळी फोन.

"मावशी, आज एक पालक आले नाहीत. तसं झालं काही नाही, गाड्या हळू येतात आता. पण मुलांना तुमचीच सवय आहे हो. सोमवारपर्यंत याल ना?"

मुलगी समोर कपडे घडी करत होती. तिचे हात थांबले. नवऱ्यानंही मान वर केली. बाळ मावशीच्या उजव्या हातावर झोपलं होतं, खांद्यातून कळ जात होती आणि 'येते' हा शब्द तिच्या जिभेवर आलाच होता.

"नाही," मावशी म्हणाली. "महिना झाल्याशिवाय नाही."

 "बरं," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मुलीनं पुन्हा घडी घालायला घेतली. "खरंच?" तिनं खाली बघतच विचारलं.

"म्हटलंय तर खरं," मावशी म्हणाली. तिकडे शाळा भरायची वेळ टळेपर्यंत ती फोनकडे बघत होती, चहाही तसाच निवला. फोन पुन्हा वाजला नाही. उद्याही वाजू नये, परवाही वाजू नये, असे अजून सव्वीस दिवस तिला काढायचे होते.