नवेगावच्या पाण्यातलं देवधान

गोंदियाला उतरले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. कशासाठी चालले आहे, हे मी घरी कोणालाच नीट सांगितलं नव्हतं.

सरांचा गौरवग्रंथ निघणार होता. सर म्हणजे माझे पीएच.डी.चे मार्गदर्शक, वनस्पतींच्या जनुकांवरच्या संशोधनातलं मोठं नाव. त्यांच्या शोधनिबंधांवरचा लेख माझ्याकडे आला. सगळ्यांत गाजलेला निबंध नवेगाव बांधच्या देवधानावर (आपोआप उगवणारा रानटी भात) आहे. परदेशातले संशोधकही अजून त्याचा दाखला देतात. त्यावर सरांच्या नावाबरोबर माझंही नाव आहे. लेख लिहिताना मी नमुन्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश नकाशावर टाकले, तर खूण तलावाच्या मधोमध पडली. तिथल्या खोल पाण्यात भात उगवणार कसा? नमुना खरंच कोणी गोळा केला होता की नाही, ही शंका मग डोक्यातून जाईना.

स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले. पोहेवाल्याने हिंदीत विचारलं, सर्वे का काम है क्या? मी नाही म्हटलं, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. बस कोहमाऱ्यावरून गेली. दोन्हीकडे कापणीला आलेला धान, मध्येच साग, मग पुन्हा धान.

नवेगावात तीन जणांना देवधानाबद्दल विचारलं. पहिल्याने माहीत नाही म्हटलं. दुसऱ्याने मी जंगल खात्याची आहे का, ते विचारलं. तिसऱ्याने यशोदाबाईंचं घर दाखवलं. त्या ढिवर (मासेमारी करणारा समाज), वय साठीच्या पुढे. अंगणात जाळं दुरुस्त करत होत्या. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

"तुमी कायले आले जी? धान न्याले?"

मी माझं कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं. त्यांनी ते सुनेकडून वाचून घेतलं, उलटून पाहिलं आणि परत दिलं. पण मी काही नेणार नाही, फक्त बघणार, असं दोनदा सांगितल्यावर जेवायला वाढलं. मासोळीचा रस्सा इतका झणझणीत होता की मला ठसका लागला. तेव्हा पहिल्यांदा त्या हसल्या.

दुपारी त्यांनी डोंग्यातून, म्हणजे लहान होडीतून, तलावात नेलं. चढताना माझा पाय घसरला आणि मी गुडघाभर चिखलात बसले. काठापासून बरंच आत, एका उथळ जागी, पाण्यातून हिरवट ताटं वर आली होती. लोंब्यांना लांब तांबूस कुसळं. हात लावताच दाणे पाण्यात गळले. मी फोनवर जागा पाहिली. निबंधातलीच होती.

मला हायसं वाटलं. नमुना खरा होता. सर इथेच आले होते का, असं मी विचारलं.

"साहेब-गिहेब कोणी नाई आला," यशोदाबाई म्हणाल्या. "एक पोरगी आली होती. विशाखा. आठ दिवस आमच्याच घरी रायली. दाणे गळून जात म्हणून एकेक लोंबी फडक्यात बांदे. तापानं फणफणली, तरी पाण्यात उतरे."

मी डोंग्याची कड धरून ठेवली. विशाखा माझ्याबरोबर प्रयोगशाळेत होती. तिने तलावावर न जाताच नोंदी घरी बसून लिहिल्या, म्हणून तिला काढावं लागलं, असं सरांनी आम्हाला सांगितलं होतं. आम्ही कोणीच काही विचारलं नाही. तिचं काम माझ्याकडे आलं, आणि निबंधावर तिच्याऐवजी माझं नाव लागलं.

परत आल्यावर मी लेखात नमुना कोणी आणि कसा गोळा केला, ते लिहिलं आणि लेख पाठवून दिला. चौथ्या दिवशी सरांचा फोन आला. गौरवग्रंथात हे कशाला, असं ते शांतपणे म्हणाले. मी विचारलं, "सर, तुम्ही नवेगाव बांधला कधी गेला होता?" ते म्हणाले, जुन्या गोष्टी उकरून कोणाचं भलं होत नाही. लेख ग्रंथात आला नाही.

एवढी वर्षं दुसऱ्याच्या नोंदींवर शंका घेणं हे मी माझं काम समजत होते. जिच्यावर मी विचार न करता शंका घेतली, तिचा नंबर मिळवायला मला महिना लागला. मी फोन लावला आणि माझं नाव सांगितलं.

विशाखा म्हणाली, "आता काय हवंय तुम्हाला?"

मी तिला काय काय घडलं ते सगळं सांगितलं. तिने ते ऐकून घेतलं. विश्वास ठेवला की नाही, ते अजून मला माहीत नाही.